मरायला शिकवलेला दिवा

तात्या कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्याशी थांबत. खिशातून काडेपेटी काढत, एक काडी ओढत आणि वाकून ती जळती काडी जमिनीपासून वीतभर उंचीवर धरत. ज्योत सरळ राहिली की काडी फुंकून खिशात टाकत आणि मग आत येत. हे ते स्वतःच्या घरी करत, माझ्या खोलीवर करत, आणि एकदा सांगलीच्या पोस्टातही केलेलं मी पाहिलं आहे. पोस्टातला शिपाई ओरडला, "आवो, आग लावता काय?" तात्या शांतपणे म्हणाले, "न्हाई. आग हितं जगती का बघतोय."

त्यांचं नाव विठ्ठल जगदाळे. कोरेगाव तालुक्यातले. लष्करात सिग्नलमध्ये बावीस वर्षं काढून ते सासुरवाडीला, हरिपूरला येऊन राहिले होते. गावात त्यांना वायरलेस तात्या म्हणत. मी साताऱ्याचा. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून सांगलीला बदली झाली, तेव्हा हरिपुरात त्यांच्या शेजारची खोली मला भाड्यानं मिळाली. माझं काम साधं होतं. रोज सकाळी आठ वाजता संगमाच्या घाटावरच्या पट्टीवर कृष्णेची पातळी वाचायची, वहीत लिहायची आणि कचेरीत कळवायची. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि तात्या पन्नासचे. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा एकानं जास्त आहे.

माणूस सडसडीत, ताठ, दाढी रोज केलेली. पण त्यांच्याजवळ बसलं की थोड्या वेळानं आपल्यालाच श्वास मोजावासा वाटे. ते कधी जमिनीवर बसत नसत. पंगतीतही पाटावर पाट, असे तीन पाट मांडून बसत. घरातल्या बाजेच्या प्रत्येक पायाखाली चार विटा होत्या. म्हणजे सोळा विटांवर ते झोपत. मांजर जमिनीवर झोपलेलं दिसलं की उचलून कट्ट्यावर ठेवत. माझी बायको पहिल्यांदा हरिपूरला आली, तेव्हा आमची मुलगी चार महिन्यांची होती. तात्या दारात काडी धरून आत आले, खाली गोधडीवरचं मूल पाहिलं आणि म्हणाले, "वैनी, लेकराला खाली निजवू नगा. वाईट हवा पान्यागत असती. खाली साचती." बायकोनं मूल उचललं. ते गेल्यावर तिनं दाराला कडी लावली आणि मला विचारलं, "हे असे कशानं झाले?"

मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. पुढे भीमाण्णानं सांगितलं.

हरिपूरची हळदीची पेवं सगळ्यांना ठाऊक आहेत. तरी ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेला मोठा रांजणच. तोंड दोन-अडीच फुटांचं, खाली पोट फुगत गेलेलं, खोली वीस-पंचवीस फूट. आत हळद भरून वरून तोंड मातीनं लिंपून टाकतात. तीन-तीन, चार-चार वर्षं माल तसाच राहतो. त्याला किडा लागत नाही, कारण आत किड्याला जगता येत नाही. माणसालाही येत नाही. म्हणून पेव उघडलं की तोंड रात्रभर मोकळं ठेवतात आणि सकाळी दोरीनं पेटता कंदील तळाला सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर त्या दिवशी कोणी उतरत नाही. हा रिवाज गावात कुणाला शिकवावा लागत नाही.

भीमाण्णा हा पेवावरच्या हमालांचा मुकादम. तंबाखू मळता मळता त्यानं मला हे सांगितलं, तेव्हा आम्ही पेवांच्या रानातच उभे होतो.

"कंदिलाचा धूर व्हायाचा आत. डोळं चुरचुरायचं, खोकला यायचा. आमचं जावाय मिलट्रीतलं, हुशार. म्हनलं, मी तुमाला बिनधुराचा दिवा देतो. मोटारीची बॅटरी, तीस फूट वायर आन् जाळीतला बल्ब. काय उजेड गड्या! सुई दिसायची तळाला. सगळी पोरं खूश."

"मग?"

"मग काय. दोन महिनं आदी कंदील, मागनं बल्ब, असं चाललं. एक दिस वारं सुटलं हुतं. कंदील पेटंना. सदा म्हनला, कंदील कशाला, दिवा सोडलाय की तळाला, जळतोय बघा. आमी समद्यांनी वाकून बघितलं. जळत हुता." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "मीबी म्हनलो, जळतोय. आमच्या डोस्क्यात एकच, भाऊसाहेब. दिवा जळतोय म्हंजे हवा हाय. पिढ्यान् पिढ्या त्येच बघत आलो. काचेतला दिवा हवा खात न्हाई, ह्ये कुनाच्या ध्यानात येनार?"

सदा हा तात्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. शिडीवरून तो तळाला पोचला, वाकला आणि हळदीवर आडवा झाला.

"पुना हवा खेळती व्हायला पाच तास लागलं," भीमाण्णा म्हणाला. "कोन उतरनार? पाच तास त्यो बल्ब जळत हुता. कंदील असता तर इझला असता, अंधार झाला असता. त्या दिव्यानं आमाला समदं दाखवलं. अक्का पेवाच्या तोंडावर बसली हुती. तिला हलवली न्हाई कुनी."

ते सातव्या नंबरचं पेव. व्यापाऱ्यानं माल तसाच आत ठेवून ते पुन्हा लिंपून टाकलं.

अक्का म्हणजे तात्यांची बायको. मी तिथं गेलो तेव्हा या गोष्टीला दीड वर्ष झालं होतं. नवराबायकोत भांडण नव्हतं. अक्का त्यांना वेळेवर जेवायला वाढी, गावातल्या बातम्या सांगे, त्यांच्या तीन पाटांवर हसतही असे. फक्त घरातली वीज तिनं तोडायला लावली होती. संध्याकाळी रॉकेलची चिमणी लागे. तात्यांनी चुकून बॅटरी लावली की ती उठून परसात जाई आणि बॅटरी विझेपर्यंत आत येत नसे. सदाचं नाव त्या दोघांत निघत नसे. "ती एकदा तरी शिवी देईल म्हणून दीड वर्ष वाट बघतोय," असं तात्या मला एकदाच म्हणाले. जळालेल्या पंपांच्या मोटारी भरून देण्याचं कामही त्यांनी सोडून दिलं होतं. पेन्शनीवर चालत होतं.

एक दिवस त्यांनी मला हळदीच्या पोत्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. खिडक्यांना गोणपाटं लावून भर दुपारी त्यांनी तिथं अंधार केला होता. काडी धरून झाली. मग त्यांनी एक आगपेटी उघडून माझ्यापुढे केली. आत कापूस होता आणि कापसावर डाळिंबाच्या दाण्यासारखे तांबडे, पारदर्शक दाणे. प्रत्येकाला तारेचे दोन पाय.

"एलईडी म्हनत्यात. पुन्याला वर्कशॉपात आमचा जुना सोबती हाय, त्यानं धाडल्यात." त्यांनी एकाचे पाय सेलला लावले. दाणा तांबडा पेटला. तो त्यांनी माझ्या गालाला लावला. "गरम लागतंय?"

"नाही."

"लागनारच न्हाई. ह्येला हवा नगं, तेल नगं, ऊबबी न्हाई अंगात. म्हंजे जीवच न्हाई. जीव न्हाई त्येला मरायचं भ्या न्हाई." दाणा त्यांनी डोळ्यांजवळ धरला. त्यांच्या एका डोळ्यात तांबडा ठिपका दिसत होता. "भाऊसाहेब, मला ह्येला मरायला शिकवायचं हाय. मानसाच्या आदी."

त्यांचा बेत त्यांनी खडूनं भिंतीवर काढून दाखवला. कंदील एकदाच सोडून भागत नाही, कारण माल उकरताना दबलेली वाईट हवा सुटते. तेव्हा कंदील तळालाच ठेवायचा. त्याच्याभोवती भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, म्हणजे वरचा उजेड आत येणार नाही. डब्यात एक फोटोसेल, म्हणजे उजेड ओळखणारा बारकासा तुकडा. तिथून वायर शेडमध्ये. कंदील जळतोय तोवर फळीवरचा दाणा जळेल. कंदील गेला की दाणा गेला.

मी म्हणालो, "तात्या, एकच दाणा असला तर कंदील विझल्यावर कळणार. नदीची पट्टी असते तसं करा. पायऱ्या करा. पाणी किती उतरलं ते आधीच दिसतं."

 तात्यांनी खडूनं जे काढलं होतं ते बाहीनं पुसून टाकलं.

या बेतातला माझा वाटा एवढाच. पुढचे आठ महिने काम त्यांनीच केलं. त्या व्यापाऱ्याची पेवं बारा. प्रत्येक पेवाला दाण्यांचा एक उभा खांब, खांबात सहा दाणे. एकूण बहात्तर दाणे आणि प्रत्येक दाण्यामागं एक ट्रान्झिस्टर. ज्योत भरपूर असली तर सहाही जळायचे. जरा मंदावली की वरचा विझायचा, आणखी मंदावली की त्याच्या खालचा. प्रत्येक पायरी ते खऱ्या कंदिलानं जुळवत. ज्योतीची उंची मी पट्टीनं मोजायची आणि त्यांनी मागचा पेच फिरवायचा. तारांना कथलाचा डाग देताना ते तोंडानं हळूच सिग्नलची भाषा वाजवत, टिक्-टिक्-टूक्. काय म्हणताय असं विचारलं तर म्हणत, "काय न्हाई. पलीकडं कुनी ऐकतंय का बघतो."

एकदा सगळे बहात्तर दाणे एकदम लावून पाहिले. खोलीत उजेड असा पडला नाही. भिंती दिसल्या नाहीत, आमचे हातही दिसले नाहीत. फक्त अंधारात तांबडे ठिपके, सहा ओळी आणि बारा खांब, न लवता बघत असल्यासारखे. दारात भीमाण्णा आला होता. तो आत पाऊल टाकेना.

"पाव्हणं, ह्यो उजेड हाय का अंधाराला आलेल्या देवी?"

"आत ये की."

"नगं. तुमचा दिवा लय गुनी. मानूस मेलं तरी जळतोय."

हे बोलल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. तो तसाच उभा राहिला. तात्या म्हणाले, "खरं हाय तुझं. म्हनून तर ह्येला वळन लावतोय."

आता जे सांगतो ते मी जसं पाहिलं तसंच सांगतो. कमीही नाही आणि जास्तही नाही.

सातवं पेव बंदच होतं. त्यामुळं सातव्या खांबाच्या वायरची टोकं भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवलेली होती. ती कशालाच जोडलेली नव्हती. तरी त्या उन्हाळ्यात सातव्या खांबात दाणे पेटलेले मी चार वेळा पाहिले. पहिल्या वेळी दोन दाणे होते. भिंत ओलसर होती आणि टोक शेजारच्या वायरला चिकटलं होतं. ते सोडवल्यावर दाणे गेले. दुसऱ्या वेळी तात्यांनीच चाचणीसाठी फोटोसेल जोडून ठेवला होता आणि गोणपाटाच्या भोकातून त्यावर ऊन पडत होतं. तिसऱ्या वेळी मागच्या बाजूला डागाचा एक थेंब सांडलेला सापडला.

चौथ्या वेळी कारण सापडलं नाही. दुपारचे सव्वातीन झाले होते. बाकीचे सगळे खांब बंद होते. सातवा खांब खालपासून वरपर्यंत पेटला, सहाच्या सहा. तात्यांनी बोलता बोलता खिळ्यावरून टोकं काढून माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांत वेगवेगळी धरली. दाणे तसेच जळत राहिले. मी मनात अंक मोजत होतो; सवयीनं मोजतो. अकराला वरचा दाणा विझला. मग त्याच्या खालचा. मग एकेक करत शेवटचा. शिडीवरून माणूस उतरावा तसे.

तात्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. त्यांचा आवाज आला, "बघितलं न्हवं?"

"हो."

"अक्काला बोलू नगा."

पुढे एका इंजिनियरला मी हे सांगितलं. ते म्हणाले, मोकळी वायर हवेतली वीज पकडते, एरियलसारखी. हातात धरली तर जास्तच. मला ते पटलं. मात्र दाणे वरून खाली एकेक करून आणि सारख्या अंतरानं का विझले, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात व्यापाऱ्यानं सातवं पेव उघडायचं ठरवलं. गावातले हमाल नाही म्हणाले. एकही तयार होईना. भीमाण्णानं तर शेठना तोंडावर सांगितलं, "त्या पेवाला मी हात लावनार न्हाई. माझ्या समोर त्यात मानूस गेलाय." शेठ म्हणाले, "तुम्ही नका उतरू. मी जतकडची माणसं आणतो." आणि खरोखरच सोमवारी सहाजण येऊन देवळापाशी उतरले. पूर्वेच्या कोरड्या मुलखातले, मेंढरांमागं हिंडलेले लोक. त्यांनी पेव जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "ही हीर हाय व्हय सायेब? पानी किती खाली हाय?"

तात्या हे ऐकत उभे होते. ते तिथूनच शेठकडे गेले आणि म्हणाले, "आदी मी उतरतो. माझ्या दिव्यावर. मी जगलो तर ही मानसं, न्हाईतर पेव बंद."

मंगळवारी तोंड उघडून ठेवलं. बुधवारी सकाळी दहाला डब्यातला कंदील तळाला सोडला. शेडमध्ये सातव्या खांबाला वायर जोडली. सहाही दाणे पेटले. फळीपुढे मला बसवलं होतं. पेव शेडपासून तीस पावलांवर. माझ्याजवळ पितळी थाळी आणि लाकडाचा दांडका. नियम तात्यांनी स्वतः कागदावर लिहून माझ्यापुढे टाचला होता : तीन दाण्यांवर आलं की थाळी. थाळी वाजली की भीमाण्णा आणि चौघं दोर ओढणार. दोर तात्यांच्या काखेखालून बांधलेला; त्या पेवाला हात न लावणारा भीमाण्णा तात्यांच्या दोरासाठी मात्र आला होता.

उतरण्याआधी ते शेडच्या दारात आले. "भाऊसाहेब, लाइन क्लियर?"

"क्लियर."

ते गेले. थोड्या वेळानं दारात पुन्हा सावली पडली. मला वाटलं तेच. पण ती अक्का होती. त्या शेडमध्ये तिनं आजवर पाऊल टाकलं नव्हतं. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती आत आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली.  तिनं विचारलं, "ह्यातला सदाचा कंचा?"

मी सातवा खांब दाखवला.

"आन् ह्ये आता त्यातच हाईत?"

"हो."

ती त्या सहा ठिपक्यांकडे बघत राहिली. बाहेरून भीमाण्णाचा आवाज आला, "तळाला पोचलं!" मी वेळ लिहिली. दहा वाजून चाळीस. फावड्याचा आवाज खालून अस्पष्ट येत होता. दहा त्रेचाळीसला वरचा दाणा थरथरला आणि विझला. पाच. मी लिहिलं. तो परत पेटला. सहा. मी लिहिलं. मग पाच. मग चार. फावड्याचा आवाज थांबला होता. मग परत पाच आणि लगेच चार.

मी दांडका उचलून धरला होता आणि कागदाकडे बघत होतो. तीनवर आलं की थाळी. चारच होते. इतकी वर्षं मी आकडे वाचले आहेत. पातळी धोक्याच्या रेषेला लागेपर्यंत धोका आहे असं मी कधी कळवलं नव्हतं. त्या घडीलाही मी तीनची वाट बघत बसलो. हे मी कबूल करतो.

अक्का उठली. "आवं, कागद काय बघताय! ह्ये खाली बसत्यात!"

ती धावत बाहेर गेली. मग मला उठायचं सुचलं. थाळी बडवत मी दाराशी आलो. पेवाच्या तोंडाशी भीमाण्णा वाकून बघत होता आणि सांगत होता, "अक्का, कंदील झ्याक जळतोय की! डब्याच्या भोकातनं दिसतोय मला."

"जळंना का!" तिनं दोर धरला होता. "वडा! मी म्हनते म्हनून वडा!"

ओढलं. दोराला जड ओझं लागलं होतं. तात्यांचं डोकं वर आलं तेव्हा ते छातीवर पडलेलं होतं. त्यांना बाहेर घेऊन आडवं केलं तेवढ्यात भीमाण्णानं पुन्हा खाली वाकून पाहिलं आणि झटकन मागं सरला. कंदील गेला होता. मी शेडमध्ये जाऊन पाहिलं. सातव्या खांबात एकही दाणा जळत नव्हता.

सहा-सात मिनिटांनी तात्यांनी डोळे उघडले. अक्का त्यांच्या तोंडावर पाणी मारत होती. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि रिपोर्ट द्यावा तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"खाली काय वाईट वाटलं न्हाई. डोळं जड झालं. आन् सदा म्हनला, बसा की पाव्हणं, लय दमलाय. मी बसतच हुतो."

 जतकडचा तो म्हातारा हळूच पेवापासून चार पावलं मागं झाला. वाईट हवा खाली साचते हे तात्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. ते बसले असते तर पुढं काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

अक्कानं त्यांच्या छातीवरची दोराची गाठ सोडली. गाठ ओली होती, सुटत नव्हती. तिनं दातानं सोडवली. मग म्हणाली, "मरतोय तुमचा दिवा. बघितला मी."

तात्या रडले. सदा गेल्यापासून पहिल्यांदा, असं भीमाण्णा म्हणाला. शेठनी सातवं पेव मालासकट मातीनं भरून टाकायला सांगितलं. जतकडच्या माणसांना परत जायला गाडीभाडं दिलं.

पुढच्या हंगामात त्या व्यापाऱ्याच्या उरलेल्या अकरा पेवांवर तात्यांची फळी लागली. हमालांनी तिला मान्यता दिली, पण अट घातली : प्रत्येक पेवात पहिल्यांदा वायरलेस तात्यांनी उतरायचं आणि फळीपुढे अक्कानं बसायचं. मला कुणी बसवलं नाही, आणि ते योग्यच होतं. अक्काला आकडे वाचता येत नसत. तिला ते लागतही नसत.

माझी साताऱ्याला बदली झाली. सामान एसटीच्या टपावर चढवून, सुटायला पाऊण तास होता म्हणून मी निरोप घ्यायला शेडकडे गेलो. चपला बाहेर काढून आत गेलो. सगळे खांब बंद होते, फक्त चौथा पेटलेला. अक्का फळीपुढे बसली होती. पेवाकडून एक दोर दारातून आत आला होता आणि त्याचं टोक तिच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. तिच्या तोंडावर तांबडा उजेड नव्हता, तेवढा तो नसतोच. फक्त दोन्ही डोळ्यांत सहा-सहा ठिपके.

"अक्का, मी निघालो साताऱ्याला."

तिनं मान वळवली नाही. "बोलू नगा. ह्ये खाली हाईत."

मी उभा राहिलो. वरचा दाणा थरथरला आणि गेला. तिनं मनगटावरचा दोर ताणून धरला. माझेही हात पुढं झाले होते, कशासाठी ते मला माहीत नाही. दाणा परत आला. दोर सैल झाला.

तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते असं. सहा तांबडे ठिपके, एकावर एक, स्थिर. मी चपला हातात घेतल्या आणि रस्त्याला लागेपर्यंत पायात घातल्या नाहीत.